डब्यावरचा शिक्का आणि मोठ्या घराचा होकार

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बीएस्सी, केमिस्ट्री. हे मी जरा मोठ्यानेच सांगते, कारण बाकी कोणी सांगत नाही.

आमच्यात रीत अशी की काहीही करायचं तर आधी मोठ्या घराला विचारायचं. मोठं घर म्हणजे थोरल्या काकांचं. ते गेले, आता विचारायचं त्यांच्या मुलाला. हा माझा चुलतभाऊ दहावीत नापास झाला, पण वडपे गावातल्या त्यांच्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली आणि दारात ट्रक लागले. मला कॉलेजात घालावं का, हेसुद्धा बाबांनी त्यालाच विचारलं होतं. तो "शिकू दे, काका" बोलला म्हणून मी शिकले, असं घरात अजून मानतात. पेपर जसे काही त्यानेच लिहिले.

बाबांनी कापडाचे तागे वाहायला नवा टेम्पो घेतला. कंपनीच्या फुकट सर्व्हिस संपल्या आणि इंजिनचं तेल आपलं आपण बदलायची वेळ आली. बाबा थेट वडप्याला. मी मुद्दाम सोबत गेले.

"माझ्या ड्रममधलं घ्या, काका. जाड हाय. जाड तेलात ताकद."

बाबांनी थेंबभर तेल अंगठ्यावर चोळलं आणि मान डोलावली. इंजिन म्हणजे जणू पैलवान, तूप पाजलं की झालं!

मी म्हटलं, "तुझे ट्रक जुने आहेत, दादा. त्यांना चालतं. या टेम्पोच्या सायलेन्सरला धुराची जाळी आहे. चुकीच्या तेलाची राख बसून ती तुंबते. सोबतच्या पुस्तकात लिहिलंय कोणत्या दर्जाचं तेल हवं, आणि तो दर्जा डब्यावरच्या गोल शिक्क्यात छापलेला असतो."

"मॅडम," तो हसला, "शिक्का छापूनच मिळतो ना? भिवंडीत काय छापून मिळत न्हाय?"

मी तयारीने आले होते. शिक्का देणाऱ्या संस्थेची यादी मोबाईलवर उघडून दाखवली. मला हवं ते तेल तिच्यात होतं.

"ही यादी केली कोणी? तेलवाल्यांनीच ना?"

खरं सांगायचं तर माझ्या पोटात दुखलं. हा प्रश्न मला पडायला हवा होता. बीएस्सी मी होते.

"हो, त्यांच्याच संघटनेने," मी म्हटलं. "पण त्या दर्जाचं तेल इंजिनात चालवून, इंजिन खोलून तपासतात. बाजारातले डबेही उचलून बघतात. तेल खोटं निघालं तर शिक्का जातो. तुझा ड्रम कोणी तपासला?"

"ट्रक पळतायत की!"

बाबा हसले. त्याच्या बाजूने.

तरी मी हटले नाही. एवढी एक गोष्ट बाबांनी माझ्या शब्दावर करावी, दुसरं काही नको होतं. रिकामे डबे भंगारातून नेऊन त्यात भलतंच तेल भरतात, हे मलाही माहीत होतं. म्हणून बाबांना मोठ्या डीलरकडे नेलं, सील बघून डबा घेतला. पैसे बाबांनी मोजले. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घरात नव्हता. बाबाही नव्हते. दुपारी बाबा आणि डबा, दोघं परत आले.

"वडप्याला दाखवून आणला," बाबा बोलले. "त्याने उलटापालटा केला, वास घेतला. बोलला, चालंल काका, घाला."

सीलसुद्धा त्यानेच तोडलं होतं!

बाबांनी बॉनेट उघडलं. मी नरसाळं धरलं. तेल पातळ धारेने इंजिनात गेलं, तेच, मी सांगितलेलं. तेवढ्यात शेजारचे टेम्पोवाले काका डोकावले. त्यांचीही गाडी नवीच.

"कंचं तेल घातलं?"

"हे," बाबांनी डबा वर धरला. "पुतण्याने पसंत केलंय. डोळे झाकून घाल."

मी तिथेच उभी होते, हातात तेलाने माखलेलं नरसाळं घेऊन. बाबांनी डबा माझ्याकडे दिला. कोणी पुन्हा भरू नये म्हणून रिकाम्या डब्याला भोक पाडून टाकायचं, हे मीच घरात सांगून ठेवलेलं. मी स्क्रूड्रायव्हर घेतला. एक भोक पुरलं असतं.

शिक्का ओळखू येईनासा होईपर्यंत मी थांबले नाही.