बेदाण्याच्या काट्यावर

"हिला तिकडच्या काट्यावर उभी करा. हा आपला मोडेल."

शिबिराचा डॉक्टर बोलला आणि अख्खी शेड हसली. तासगावजवळच्या एका शेडमध्ये मी बेदाणा निवडायला जायची. त्या दिवशी मालकानं आम्हा बायकांसाठी लठ्ठपणाची तपासणी ठेवली होती. तिकडचा काटा म्हणजे बेदाण्याचे बॉक्स तोलायचा. हमालांनी बॉक्स उतरवले, मी चढले. मालकानं आकडा मोठ्यानं वाचला. वर म्हणाला, "फुकटचं रेशन खाऊन सुजल्यात नुसत्या."

मीपण हसले. लाज झाकायला दुसरं काही सुचलंच नाही. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

डॉक्टरनं कागद दिला. रोज तासभर चाला, भात कमी करा, फळं खा. दिवसभर मांडी घालून बसायचं, जरा उठलं की मुकादमीण खेकसते. चहा-खारीवर दुपार काढायची. चालायचं कधी, ते त्यानं विचारलं नाही.

माझ्या मागं धाकटी जाऊ सुमन उभी होती. माझ्याहून जाड. माझं झालेलं बघून ती रांगेतून बाहेर पडली.

"रक्तातली साखर तरी बघून घे गं," मी म्हटलं.

"मरंन, पर त्या काट्यावर चढायची न्हाई."

तिला सारखी तहान लागायची. पायाची जखम भरत नव्हती, आम्ही हळद भरत राहिलो. वर्षभरानं सांगलीला तिचा पाय गुडघ्याखाली कापला. साखर तेव्हा कळली. ती अंथरुणावरून माझ्याकडं बघते तेव्हा जीव नकोसा होतो. मी काट्यावरून उतरून भांडले असते तर? माहीत नाही.

यंदा परत शिबिर. मालकानं मला बोलावलं. "तुझं ऐकत्यात बायका. रांग लाव."

मी म्हटलं, "काटा आत खोलीत न्या. हमाल भाईर. आकडा जिचा तिलाच सांगायचा."

"लय शाणी झालीस व्हय? मग शिबिरच रद्द करतो."

तपासणी तर हवीच होती. तरी म्हटलं, "करा. सोमवारी मी नेते त्यास्नी सरकारी दवाखान्यात."

"जी जाईल तिनं परत शेडची पायरी चढायची न्हाई."

शेडमधल्या बाकीच्या चौदाजणींतल्या चौघी माझ्याबरोबर आल्या. एसटीनं गेलो. पडद्याआड वजन झालं, रक्त घेतलं. दोघींची साखर वाढलेली निघाली. मंगळवारी मालकानं आम्हा पाचजणींना फाटकातूनच माघारी लावलं. आता दुसऱ्या शेडवालेही आम्हाला घेत नाहीत. चौघींतली एक मला रोज शिव्या देते, आणि तिचं काही चुकत नाही. घरात पीठ संपत आलंय. मला भीती वाटते, लय वाटते.

तरी येत्या सोमवारी मी परत सरकारी दवाखान्यात जाणार. आदल्या दिवशी उरलेल्या दहाजणींच्या दारात जाऊन उभी राहणार. सुमनसारखं आणखी कुणाचं होऊ देणार नाही. त्यांनी आतून कडी लावली तरी हटणार नाही.