परवा मास्तरांची पिशवी

मास्तरांचं पाळण्यातलं नाव आता त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं. चाळीस वर्षांच्या शिवणकामानंतर लोकांनी त्यांचं नाव परवा मास्तर ठेवून टाकलं होतं. कपडा कधी मिळेल असं विचारलं, की ते तोंडातल्या टाचण्या न काढता "परवा" म्हणत. हात मात्र सोन्याचा. एका नवरदेवाला त्यांनी असा झकास कोट शिवला, की तो घालून त्यानं आपल्या थोरल्या मुलाला पहिल्या दिवशी शाळेत पोचवलं. लग्नात बिचारा शेजाऱ्याच्या कोटात उभा होता.

समोर तयार कपड्यांचं दुकान निघालं, तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले, "कपडे नव्हेत ते, गवसण्या." त्या दुकानातली चिंधीसुद्धा आपल्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं त्यांनी रोज टपाल घेऊन येणाऱ्या पोस्टमनला बजावलं होतं. पोस्टमन मुकाट्यानं ऐकून घ्यायचा. त्याची खाकी पँट दोन महिने मास्तरांकडे कापून पडली होती.

अशात एका सोमवारी मास्तरांच्या बायकोच्या पिशवीचा बंद भर रस्त्यात तुटला. बटाटे उतारावरून जे पळाले, ते पार भाजीवालीच्या पायाशी जाऊन थांबले. त्यातला एक परत देताना ती म्हणाली, "शिंप्याच्या घरी फाटकी पिशवी?"

बाई तणतणत घरी आल्या. "अहो, एक साधी पिशवी शिवून द्या. एक तोंड, दोन बंद. शनिवारी सकाळी हवी, नाहीतर समोरून आणीन."

मास्तरांनी टेप गळ्यात टाकला. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं, पण कापायच्या टेबलामागे उभं राहिलं की मास्तरांना नातीगोती दिसेनाशी होत.

"बाई, सरळ उभ्या राहा. हात सैल सोडा. पिशवी कुठवर लोंबलेली चालेल?"

"जमिनीला लागली नाही म्हणजे झालं."

"पालेभाजी उभी ठेवता की आडवी?"

"ती राहील तशी राहते."

"असं चालत नाही. त्यावर घेर ठरतो."

वहीत माप चढलं, बाईंना पावती मिळाली. बुधवारी ट्रायल झाली. "बंदाशी जरा ओढतेय," म्हणत मास्तरांनी खडूची रेघ मारली आणि सगळं उसवलं. बाई तोवर उशीच्या अभ्र्यातून कांदे आणत होत्या. गुरुवारी अस्तर लागलं. शुक्रवारी कॉलरमध्ये घालतात ते कडक कापड आत गेलं, शिवाय दोन खिसे, त्यातला एक पेनाचा.

"कांद्यांना पेन कशाला?"

"सोय असावी."

शनिवारी सकाळी बाई पावती घेऊन टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"तयारच आहे," मास्तर म्हणाले. "फक्त काज-बटण राहिलंय. परवा..."

"मग मी समोर चालले."

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. "अर्ध्या तासात जुळणारं बटण घेऊन येतो," म्हणून त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि गेले.

मास्तरांचा अर्धा तास बाई ओळखून होत्या. समोरचं दुकान पंधरा पावलांवर होतं. पण तिथली पिशवी घरात आली, तर हा माणूस आठवडाभर घशाखाली घास उतरू देणार नाही, हेही त्या ओळखून होत्या. त्यांनी कापडांच्या ढिगाच्या तळातून दोन लांब खाकी तुकडे ओढले, एकावर एक ठेवले, तिरकी कड कात्रीनं सरळ केली आणि मशीनवर बसल्या. तीन बाजूंना शिलाई, तोंडाला दुमड, उरलेल्या पट्टीचे दोन बंद, बंदांच्या टोकांना टाक्यांचा चौकोन आणि त्यात फुली. चहाचं आधण उकळायच्या आत पिशवी तयार.

तेवढ्यात पोस्टमन आला. "वहिनी, हा रंग ओळखीचा वाटतो."

बाईंनी पिशवी उलटी केली. आत खडूनं लिहिलेलं होतं: पोस्टमन, डावा पाय.

"अगं बाई, तुमची पँटच की हो ही."

पोस्टमननं पिशवी हातात घेऊन निरखली. "असू द्या, वहिनी. दोन महिन्यांत त्या कापडाचं काहीतरी झालं, हेच पुष्कळ आहे."

कागदाच्या पुडीत बटण घेऊन मास्तर परतले. झाला प्रकार त्यांना कळला. पिशवी उजेडाला धरून त्यांनी टाके पाहिले, बंद दोन्ही हातांनी खेचले. टाका हलला नाही.

"शिलाई बरी आहे," ते म्हणाले. मग पिशवी टेबलावर ठेवत म्हणाले, "घेर चुकलाय."

पोस्टमननं एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि तो बाईंकडे वळला. "मग वहिनी, माझी पँट आता कधी?"

चाळीस वर्षांत त्या खोलीत हा प्रश्न मास्तरांना सोडून कुणाला गेला नव्हता. मास्तर बटणाची पुडी मुठीत धरून उभे होते. 'संध्याकाळी' हा शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आला होता.

"परवा या," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून बाजाराला निघाल्या.

मास्तरांनी सावकाश टाचण्या तोंडात धरल्या, टेप गळ्यात टाकला. "सरळ उभे राहा," ते पोस्टमनला म्हणाले.