घाबरल्यासारखं

माझ्या आईला हवाईसुंदरी हा शब्द मुळीच आवडत नसे. पार्ल्याच्या बाजारात कुणी विचारलं, तर 'विमानात नोकरी करते' एवढंच सांगून ती भाजीकडे वळायची. मला मात्र त्या नोकरीचा भलताच ताठा होता. ऐंशी सालानंतरचे ते दिवस, पंचविशी गाठली नव्हती, आणि इंग्रजी असं फाडफाड बोलायचे की मलाच माझं कौतुक वाटायचं.

त्या दिवशी दिल्लीहून मुंबईला येणारं सकाळचं विमान होतं. खिडकीशी साठीच्या एक बाई बसल्या होत्या. अंगावर सुती पातळ, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरलेली. पट्टा बांधून द्यायला वाकले, तेव्हा माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून त्यांचा चेहरा खुलला.

"मराठी का गं तू? बरं झालं बाई. पहिल्यांदाच बसतेय विमानात. मुलानं बजावून पाठवलंय, घाबरू नकोस म्हणून."

मुलाकडे महिनाभर राहून त्या मुलुंडला लेकीकडे निघाल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, मी आहे ना."

मी नाश्त्याचे ट्रे वाटत असताना त्यांनी माझा हात धरला. "मला घाबरल्यासारखं होतंय गं."

कपाळावर घाम होता. पहिल्यांदा बसणाऱ्याला घाम फुटतो, त्याला बाहेर बघू देऊ नये, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. मी खिडकीची झडप खाली ओढली, कोलोनचा ओला रुमाल दिला, लिमलेटची गोळी दिली. "काही होत नाही काकू. घाबरायचं नाही अजिबात." त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं, धीर आला. काय झालं म्हणून सीनियरनं विचारलं, तर मी ऐटीत इंग्रजीत सांगितलं की बाई भित्र्या आहेत, पहिलीच वेळ आहे. दोघी हसलो.

पाऊण तासानं ट्रे उचलायला गेले, तर मान एका बाजूला कलंडलेली आणि ओठ निळे पडलेले. गोळी तशीच कागदात, मुठीत. सीनियर ऑक्सिजनची बाटली घेऊन धावली. कुणी डॉक्टर आहे का, असं मी माइकवरून विचारलं. मागच्या रांगेतले एक डॉक्टर आले. त्यांनी नाडी धरली आणि विचारलं, "कब से?"

"नाश्ते के टाइम से."

त्यांनी बाईंना खाली आडवं करायला सांगितलं. मी कॉकपिटकडे पळाले. कॅप्टन इंग्रजीत म्हणाले, "अहमदाबाद मागे पडलं. तेव्हाच सांगितलं असतंस, तर उतरलो असतो. आता मुंबईच जवळ."

मधल्या वाटेत आडवं करून डॉक्टर त्यांची छाती दाबत होते आणि मी गुडघ्यांवर बसून मास्क धरला होता. तेव्हा कुठे मला त्यांचं वाक्य नीट ऐकू आलं. उन्हाळा लागला की आई स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहायची आणि हेच म्हणायची, 'घाबरल्यासारखं होतंय गं.' मी दप्तर टाकून तिला आडवं करायचे, बाबांना डॉक्टरांकडे पिटाळायचे. त्यात भिण्याचा काही संबंध नसतो, जीव कासावीस झालेला असतो, हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. त्या विमानात ते कळणारी बहुधा मी एकटीच होते, आणि मीच त्याचं इंग्रजी करून हसले. अजूनही स्वतःची चीड येते.

सांताक्रूझला विमानतळावरच्या डॉक्टरांनी तपासून चादर वर ओढली. रिपोर्ट लिहायला मला त्याच खोलीत बसवलं होतं. थोड्या वेळानं त्यांच्या लेकीला आत आणलं, माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल. ती आईपाशी बराच वेळ उभी राहिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. माझं आडनाव तिनंही वाचलं असावं, कारण ती मराठीतच बोलली.

"तुम्ही होतात ना तिच्याजवळ? काही बोलली का हो ती?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण तोंडातून खरंच निघालं. "घाबरल्यासारखं होतंय म्हणाल्या."

"मग?"

एवढंच विचारलं तिनं. आपल्याकडे कुणीही विचारेल तसंच, साधं. लगेच आडवं केलं असणार, डॉक्टरांना बोलावलं असणार, हे ती धरूनच चालली होती, फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"मी खिडकी लावून घेतली," मी म्हटलं.