पूल आमच्या दाराशी हवा

डोंबिवलीला आमच्या आळीपुढून नाला वाहायचा. त्यावरचा लाकडी साकव इतका कुजला होता, की कुणी भाजीची पिशवी घेऊन त्यावर आलं की काठावरची माणसं गप्प व्हायची. हा साकव उतरायचा तीन घरं पलीकडच्या शेजारणीच्या ओट्यापाशी. बाजारातून येणारी प्रत्येक बाई तिथे टेकायची, पाणी प्यायची, मनातलं सांगून जायची. मी तेवीस वर्षांची शहाणी खिडकीच्या गजांना नाक लावून जळत बसायची.

साकव काढून पक्का पूल बांधायचं ठरलं. ओव्हरसियर मारुतीच्या देवळात आले नि म्हणाले, "कुठे हवा ते तुम्हीच सांगा." पुरुष तासभर दगड की सिमेंट यावर भांडले. शेवटी ओव्हरसियर कंटाळले. "अहो, दिवसभर ये-जा बायकांची. त्यांना विचारा नि आठवड्याने कळवा."

चैत्र चालू होता. मी लगोलग गौरीचं हळदीकुंकू काढलं. आंब्याची डाळ, पन्हं, सगळं साग्रसंगीत. ओटीत भिजवलेले हरभरे घालताना प्रत्येकीच्या कानाशी लागले, "पूल आमच्या दाराशी सांगा हं, वहिनी." गौरीने एवढी लबाड सवाष्ण पाहिली नसेल.

शेजारीणही आली. डाळ पुन्हा मागून घेत म्हणाली, "तुझ्याकडचा काठ पक्का आहे गं. माझ्याकडचा ढासळतो. मीही तेच सांगते."

किती बावळट ही, असं वाटून मी तिला आणखी पन्हं दिलं.

पूल माझ्या दाराशी झाला. मी ओटा सारवला, चटई घातली, माठात वाळा टाकला नि उभी राहिले. पहिली बाई उतरली, "छान झाला हो पूल," म्हणाली आणि डावीकडे वळली. दुसरीही वळली. तिसरीने माझ्या हातात पिशवी दिली, चपलेतला खडा काढला, पिशवी घेतली आणि तीही शेजारणीकडे!

चार दिवस कसेबसे काढले. पाचव्या दिवशी, ही असं काय देते ते बघायला मीच गेले.

"ये गं, बैस," म्हणत तिने सरकून जागा केली. ती तांदूळ निवडत होती. बायका बोलत होत्या, ती नुसती "हो का?" म्हणत होती. एवढंच! हे तर मलाही जमेल, म्हणून मी तोंड उघडलं. माझी डाळ, माझं पन्हं, पुलाची माझी युक्ती.

पाव तासात ओटा रिकामा झाला.