करंजावरची नोटीस

माझ्या इस्त्रीच्या गाडीवर सावली धरणाऱ्या करंजाला नगरपरिषदेनं सकाळी नोटीस चिकटवली. खळ अजून ओली होती. मुंग्या कागदाला वळसा घालून वर चालल्या होत्या. रस्ता रुंद करायला झाड तोडायचंय, हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी, असं त्यात होतं. सातवीत शाळा सुटल्यापासून मी सहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. त्यात मी लांबून आलेली. ज्या गावानं पोटापाण्याला लावलं, त्याच्याच रस्त्याला हरकत कशी घ्यायची?

सहा दिवस घुटमळले. सातव्या दिवशी नगरपरिषदेत जाऊन कारकुनाला म्हटलं, “मी इथली नाही, साहेब.”

“झाडाखाली किती वर्षं बसता, मावशी?”

“अकरा.”

“मग तेच लिहा. त्याला जन्मदाखला लागत नाही.”

तेवढंच लिहून, खाली सही करून कागद त्याच्यापुढे सरकवला. त्यानं शिक्का मारला, सुनावणी होईपर्यंत कुऱ्हाड लागणार नाही म्हणाला. दुसऱ्यांच्या मर्जीवर उभं राहणं काय असतं, हे झाडाला कळत नसेल; मला कळतं. अजूनही जवळ ट्रक थांबला की झाड तोडायलाच आले असं वाटून मी इस्त्री कापडावरून उचलते आणि तो पुढे जाईपर्यंत तशीच धरून ठेवते.