पाच अंश खाली

हवामान केंद्रातले काका 'थंडीची लाट' हे शब्द फार जपून वापरत. वर्तमानपत्रवाले फोनवर विचारत, "लाट आली ना?" काका म्हणत, "गारठा म्हणा, कडाका म्हणा, हुडहुडी भरली म्हणा. त्या तारखेच्या सरासरीपेक्षा पारा पाच अंश उतरल्याशिवाय लाट म्हणायचं नाही. बारा महिने गारठणाऱ्या डोंगरावर थंडी पडली तर ती लाट कसली?" तीस वर्षांत त्यांनी नोंदवहीत ते शब्द चारदाच लिहिले होते.

त्या सकाळी मदतनीस बाई आकडा घेऊन आली. "काका, सहा."

सरासरी होती बारा. काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. लाट नोंदली की सकाळची शाळा दुपारी भरे, आणि बाईची दमा असलेली लेक त्याच शाळेत होती. कालच बाई म्हणाली होती, "उद्या शाळा उशिरा भरली तर बरं."

तापमापकातली बारीक काडी रात्रीच्या सगळ्यांत कमी आकड्यावर थांबते. तापमापक जरा कलला की घसरते.

"काडी हलली नाही ना?"

"मी कशाला हलवू? तुम्हीच बघा."

अंगणातल्या तापमापकाच्या पेटीचं दार चार बोटं उघडं होतं. काकांचा संशय बळावला. "हे कसं?"

"मी आले तेव्हा उघडंच होतं. कडीवरचं दव बघा, बोट लागल्याची खूणसुद्धा नाही."

काका कडीकडे बघत राहिले. काल संध्याकाळी शिंका देता देता दार त्यांनीच कोपराने लोटलं होतं. कडी घातलीच नव्हती. दार उघडं राहिलं तर आकडा खाली जातो. सहावर आता विसंबता येत नव्हतं. आणि शाळेचा फोन सातला येणार होता.

त्यांनी दार लावून कडी घातली. पंधरा मिनिटं दोघं शालीत हात खुपसून उभी राहिली. तरी काकांनी तिला पेटीपाशी जाऊ दिलं नाही. मग पेटीतला दुसरा, त्या क्षणाचं तापमान दाखवणारा तापमापक स्वतः वाचला. सात.

"आत्ता सात, म्हणजे रात्रभरातला नीचांक सातच्या वर असूच शकत नाही," ते पुटपुटले आणि बारातून सात बोटांवर दोनदा वजा केले.

वहीत त्यांनी लिहिलं: थंडीची लाट. किमान सात किंवा कमी. पेटीचे दार उघडे राहिले, चूक माझी.

बाईने मागून वाचलं. "माझ्यावर संशय घेतलात, तेही लिहा."

"त्याला रकाना नाही."

फोन वाजला. काकांनी तो तिच्याकडे सरकवला. "शाळेला तूच सांग."