काचेवरचा स्टिकर

हे बायकोलाही सांगितलेलं नाही. लेकीला डिग्री मिळाली तेव्हा मी सभागृहात नव्हतो, बाहेर गाडीत बसून होतो.

आधी ती इथल्या एका मोठ्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत गेली होती. इथले आईबाप लावतात तसा त्या युनिव्हर्सिटीच्या नावाचा स्टिकर मी हौसेने गाडीच्या मागच्या काचेवर लावला. पहिल्याच वर्षी ती शिक्षण सोडून परत आली. जेवेना, बोलेना. सावरल्यावर आमच्या नेपरव्हिल गावाजवळच्या साध्या कम्युनिटी कॉलेजात श्वसनोपचाराचा दोन वर्षांचा कोर्स घेतला. स्टिकर मी तसाच ठेवला. मराठी मंडळात कुणी युनिव्हर्सिटीचं विचारलं तर म्हणायचो, "चालू आहे, छान." त्याच गाडीतून ती कॉलेजला जायची. एकदा मी सोडायला निघालो तेव्हा स्टिकर बघून म्हणाली, "बाबा, इट्स काइंड ऑफ फनी, नो?" मी गाडी सुरू केली.

समारंभाच्या वेळी बायको पुण्यात होती, तिच्या आईच्या ऑपरेशनसाठी. व्हिडिओ नीट काढ, असं तिने आणि लेकीने, दोघींनी बजावलेलं. लेक पदवीचा गाऊन सावरत पुढे गेली. मी दाराशी पोचलो, तर आत मंडळातले काका-काकू. सुनेला तिथलीच डिग्री मिळत होती. काकू शेजारच्या अनोळखी अमेरिकन बाईला पेढ्याचा आग्रह करत होत्या. "घ्या हो, टेक, टेक."

त्यांना कसलाच संकोच नव्हता. पण "तुम्ही इकडे कसे?" असं विचारलं तर? मी मागे फिरलो. जरा वेळाने जाऊ, जरा वेळाने जाऊ करत स्टिअरिंग धरून बसलो. सभागृहाचं दार उघडलं की टाळ्या ऐकू यायच्या. दर वेळी वाटायचं, हिच्याच असतील.

शेवटी माणसं बाहेर पडू लागली, तसा मी गर्दीत मिसळलो. ती धावत आली.

"नाव नीट घेतलं ना त्यांनी?"

"एकदम बरोबर."

"रिअली? मला वाटलं, वाट लावली."

"आवाज घुमत होता."

"आणि व्हिडिओ?"

"फोन बंद पडला गं."

 तिने अर्धा पेढा माझ्यापुढे धरला. "काकूंनी दिला. तुला शोधत होत्या. आय टोल्ड देम, आतच असेल कुठेतरी."



दुसऱ्या दिवशी स्टिकर ब्लेडने खरवडून काढला. तिने पाहिलं. आता ती हॉस्पिटलात नोकरी करते, माझ्याशी नीट वागते. तिचं नाव पुकारलं तेव्हा मी आत नव्हतो, हे तिला सांगणं अजून माझ्याकडून बाकी आहे.